कढईतल्या तेलाचा प्रवास



आज आपण अशा एका वस्तूबद्दल बोलणार आहोत जी संपली की रात्री नऊ वाजतासुद्धा वाटी घेऊन शेजारणीचं दार वाजवावं लागतं. मीठ एक वेळ कमी चालेल, पण फोडणी कशात घालायची? आज आपण तेलाबद्दल बोलू.

या भागाची तयारी करताना आम्ही काही गटांच्या बैठकांना जाऊन बसलो आणि तीन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न, तुमच्या घरी तेल कोणतं येतं? पाकिटावरची नावं पटापट सांगितली गेली. दुसरा प्रश्न, ते तेल कशाचं असतं? इथे निम्म्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी म्हणालं सोयाबीनचं, कुणी सूर्यफुलाचं, कुणी म्हणालं पाकीट बघून सांगते. तिसरा प्रश्न, तुमच्या शेतात तेलाचं पीक कोणतं? त्यावर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच आलं, सोयाबीन.

मग आम्ही विचारलं, सोयाबीन कितीला विकलं आणि तेल कितीला घेतलं, हे दोन्ही आकडे कुणी एका वहीत मांडलेत का? तसं कुणीच केलेलं नव्हतं. आमच्याही घरी नव्हतं. विक्रीची पट्टी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात आणि किराणाची यादी आपल्याकडे. या दोन कागदांमध्ये जे जग बसलेलं आहे, ते कसं तयार झालं त्याचा इतिहास आज सांगतो.

घाणा गावात होता तेव्हा

आपल्या आजीच्या सासूच्या काळात तेल हे त्या त्या मुलखाचं असायचं. कोकणात खोबरेल. विदर्भात जवस आणि तीळ. सोलापूर, मराठवाडा, नगरच्या काळ्या रानात करडई. जिथे भुईमूग चांगला यायचा तिथे शेंगतेल. डोंगराळ भागात कारळा. जेवणाच्या चवीवरून बाई कुठल्या गावची ते कळायचं, त्यात तेलाचा मोठा वाटा होता.

करडईचंच बघा. रब्बीच्या ज्वारीत तिचे तास टाकायचे आणि बांधाच्या कडेनेही पेरायची, कारण काट्यांमुळे जनावर पिकात शिरत नाही. कोवळी असताना तिची भाजी व्हायची. पीक आलं की बी घाण्यावर जायचं, पेंड जनावराला. मूळ खोल जातं, त्यामुळे जमिनीतल्या ओलीवर ती तगून राहायची. एका पिकात भाजी, कुंपण, तेल आणि चारा.

घाणा तेल्याच्या वाड्यात असायचा. लाकडाचं किंवा दगडाचं मोठं उखळ, त्यात फिरणारी लाट, आणि डोळ्यांना झापड बांधून गोल फिरणारा बैल. आपलं बी घेऊन जायचं आणि आपल्यादेखत तेल काढून आणायचं. मजुरी कुणी पैशात द्यायचं, कुणी पेंडीत. घाण्यावर काम फक्त पुरुषांचं नव्हतं. बी निवडणं, चाळणं, पेंड काढणं आणि डोक्यावर भांडं घेऊन गावात तेल विकणं ही कामं तेल्याच्या घरातल्या बायाही करायच्या. तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संत संताजी जगनाडे हे तेली समाजातले होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. घाणा हा गावगाड्यातला महत्त्वाचा धंदा होता.

तो काळ सुखाचा होता असं मात्र म्हणायचं नाही. तेल फार थोडं मिळायचं. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात माणशी वर्षाला अडीच-तीन किलोच्या आसपास तेल खाल्लं जायचं. गरिबाच्या घरी तर सणालाच कढई चढायची. म्हाताऱ्या बाया सांगतात की तेल पळीने नव्हे, थेंबाने मोजायचो. तेव्हा जुन्या काळाच्या आठवणी काढताना ती रिकामी बुधलीही लक्षात ठेवायची.

बी बंदरावर गेलं

आपण जागतिकीकरण हा शब्द 1991 नंतर ऐकला. पण आपलं तेलबी त्याच्या कितीतरी आधी जगाच्या बाजारात गेलं होतं. भुईमूग हे पीकच मुळात दक्षिण अमेरिकेतलं. मिरचीसारखं तेही समुद्रावरून आलं आणि इतकं आपलं झालं की सोलापूरची शेंगाचटणी त्याच्याशिवाय होत नाही.

1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. 1869 मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला आणि मुंबईहून युरोपला जाणारा रस्ता फार जवळचा झाला. मग विदर्भातलं जवस, इकडचे तीळ, पुढे भुईमूग हे सगळं पोत्यांनी मुंबई बंदरावर जाऊ लागलं. विलायतेत जवसाच्या तेलाचे रंग होत, फ्रान्सच्या मार्सेय शहरात तेल काढून साबण होत.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. बी परदेशी गेलं की नुसतं तेल जात नाही. पेंडही जाते. पेंड म्हणजे म्हशीचं खाद्य आणि शेताचं खत. इंग्रज सरकारनेच आपल्या शेतीची पाहणी करायला डॉ. व्होएल्कर नावाचे एक रसायनतज्ज्ञ पाठवले होते. त्यांचा अहवाल 1893 मध्ये निघाला. तेलबी परदेशी पाठवलं तर त्याबरोबर जमिनीचा कसही जातो, हे त्यांनी त्यात मांडलं. म्हणजे हा हिशेब सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलेला होता.

1934 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्यावर काम केलं. बैलाला ओढायला हलका पडेल आणि तेल जास्त निघेल असा घाणा त्यांनी बनवला आणि घाण्यावर पुस्तकही लिहिलं. घाणा गावात राहिला तर ताजं तेल, पेंड आणि मजुरी तिन्ही गावात राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

पिवळा डबा

पण त्याच दशकात मुंबईत शिवडीला लिव्हर कंपनीचा वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि 1937 मध्ये डालडा बाजारात आला. पिवळा डबा आणि त्यावर हिरवं ताडाचं झाड. डबा रिकामा झाला की त्यात डाळ, साखर, कुठे तुळस. आपल्यातल्या अनेकींनी तो डबा माहेरी बघितला असेल.

तूप महाग होतं आणि डालडा तुपासारखा दिसायचा, म्हणून तो चालला. तो व्हायचा मुख्यतः शेंगतेलापासून. म्हणजे आपल्याच रानातला भुईमूग कारखान्यात जाऊन घट्ट होऊन डब्यात बसून परत यायचा. तुपात त्याची भेसळ होऊ लागली, तेव्हा ती ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात थोडं तिळाचं तेल घातलंच पाहिजे असा नियम झाला. तपासणीत तिळाच्या तेलाचा रंग उमटतो आणि चोरी पकडली जाते.

पुढची एक बातमीही सांगून टाकतो. 2003 मध्ये डालडा हे नावच बंगी या परदेशी कंपनीने विकत घेतलं. धान्य आणि तेलबियांच्या व्यापारातल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी ती एक आहे.

लाटणं आणि चांदवड

आता बायांच्या दोन आंदोलनांची आठवण काढू. दोन्ही महाराष्ट्रातली आणि दोन्ही खरी.

पहिलं आंदोलन 1972 चं. दुष्काळ पडलेला, धान्य, तेल, साखर, रॉकेल सगळ्याचीच टंचाई आणि भाव चढलेले. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एकत्र आल्या. हातात लाटणं घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या. स्वयंपाकघरातली वस्तू रस्त्यावर आली आणि मंत्र्यांना त्या बायांशी बोलावं लागलं. त्यांची मागणी होती, रोजच्या वस्तू आम्हाला परवडतील अशा भावात द्या.

दुसरं 1986 चं. नोव्हेंबर महिन्यात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. लाखाच्या वर बाया जमल्या. शेतकरी बाईचं कष्ट, तिचा हक्क, तिची सुरक्षितता यावर तिथे बोललं गेलं. संघटनेची मूळ मागणी होती शेतमालाला रास्त भाव. पुढे घरच्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम तिथूनच निघाली.

एका आंदोलनाने म्हटलं, वस्तू स्वस्त द्या. दुसऱ्याने म्हटलं, मालाला भाव द्या. शहरातली बाई आणि खेड्यातली बाई एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत असं यावरून कुणाला वाटेल. पण आज आपल्या घरात बघा. पट्टीवर शेतकरी म्हणून आपलं कुटुंब आहे आणि किराणाच्या यादीत गिऱ्हाईक म्हणूनही आपणच आहोत. त्या दोन्ही मोर्चांतल्या बाया आज एकाच चुलीपुढे बसल्या आहेत.

स्वतःचं तेल, थोडी वर्षं

सत्तर-ऐंशीच्या दशकात सरकार परदेशातून तेल आणायचं, पण सरकारी मंडळामार्फत, ठरवून. रेशनच्या दुकानावर सणासुदीला मिळणारं पामतेल ते हेच. थंडीत गोठायचं, म्हणून बाया डबा उन्हात ठेवायच्या.

तेलाच्या आयातीवर परकीय चलन फार जात होतं. म्हणून 1986 मध्ये केंद्र सरकारने तेलबियांचं तंत्रज्ञान मिशन सुरू केलं. चांगलं बियाणं, भावाचा आधार, साठवण आणि गाळप या सगळ्याकडे एकत्र बघायचं असं ठरलं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने दुधाच्या धर्तीवर तेलबियांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या आणि 1988 मध्ये धारा हे तेल बाजारात आणलं. 1985-86 मध्ये देशात तेलबियांचं उत्पादन सुमारे 108 लाख टन होतं. 1993-94 पर्यंत ते जवळजवळ दुप्पट झालं. मराठवाड्यात, सोलापुरात सूर्यफुलाची पिवळी रानं दिसायला लागली ती याच काळात. 1992-93 मध्ये देशात आलेलं परदेशी तेल अगदी थोडं, लाख टनांच्या घरात होतं. गरजेचं जवळजवळ सगळं तेल आपण आपलं पिकवत होतो.

मैत्रिणींनो, हे आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे तेल पिकतच नाही म्हणून बाहेरून आणावं लागतं असं बरेचदा ऐकू येतं. थोडी वर्षं का होईना, ते जमलं होतं.

दार उघडलं

1991 मध्ये देशाचा परकीय चलनाचा साठा आटला आणि आर्थिक धोरण बदललं. 1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तेलाचं दार त्याच्या थोडं आधी, 1994 मध्ये उघडलं. कोणत्याही व्यापाऱ्याला पामोलिन तेल आणायला मोकळीक मिळाली आणि त्यावर 65 टक्के आयात शुल्क राहिलं. आयात शुल्क म्हणजे बाहेरच्या मालावर बंदरात भरायचा कर. तो कर आपल्या शेतमालाला बांधासारखा असतो. बांध उंच असला की बाहेरचं पाणी आत येत नाही. 1995 मध्ये तो 30 टक्क्यांवर आणला, 1996 मध्ये 20 वर आणि 1998 मध्ये 15 वर. चार-पाच वर्षांत बांध पार खाली आला. शतक संपेपर्यंत आयात चाळीस लाख टनांच्या पुढे गेली. आता वर्षाला दीडशे लाख टनांहून जास्त तेल बाहेरून येतं, म्हणजे देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. इंडोनेशिया आणि मलेशियातून पाम, अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून सोयाबीन, रशिया आणि युक्रेनकडून सूर्यफूल.

पामतेल इतकं स्वस्त का पडतं? पामचं झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. 1848 मध्ये डच लोकांनी त्याची चार रोपं जावा बेटावर बोगोरच्या बागेत लावली. पुढे सुमात्रा आणि मलायात जंगलं तोडून त्याचे मोठमोठे मळे झाले. एका हेक्टरात वर्षाला तीन-चार टन तेल निघतं. आपल्याकडे हेक्टरी टनभर सोयाबीन आलं तर त्यातून पावणेदोनशे-दोनशे किलो तेल मिळतं. तिथे पाऊस बारमाही आणि आपल्याकडे मृगाची वाट बघायची. तेव्हा ही शर्यत बरोबरीची नाही. त्या मळ्यांवरही फवारणीची, खत टाकण्याची कामं बायाच करतात, तेही आपण विसरू नये.

बांध खाली आल्यावर सूर्यफूल, करडई, भुईमूग यांचे भाव दबले. ऐंशीच्या दशकात देशात करडई आठ-दहा लाख हेक्टरांवर होती आणि त्यातली बहुतेक महाराष्ट्र आणि कर्नाटकात. आता ती लाखभर हेक्टरांवरही नाही. सगळा दोष आयातीचा नाही. काटे आहेत, काढणीला मजूर मिळत नाहीत, मावा पडतो, पाणी आलं की हरभरा किंवा ऊस बरा वाटतो. पण भाव चांगला असता तर काटेही सोसले असते, असं शेतकरीच सांगतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बाहेरच्या तेलामुळे गरिबाच्या घरातही रोज फोडणी बसायला लागली. माणशी वर्षाला तीन किलोवरून आपण एकोणीस-वीस किलोपर्यंत आलो. आता डॉक्टर उलट सांगतात की बारा किलो पुरे. म्हणजे मधल्या कुठल्यातरी वर्षी आपण पुरेशाच्या खुणेवरून पुढे निघून गेलो.

बरणी गेली, पाकीट आलं

ऑगस्ट 1998 मध्ये दिल्ली आणि आसपास मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं सापडलं. लोकांचे पाय सुजले, साठहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर सरकारने हुकूम काढला की खाद्यतेल बंद पाकिटातच विकायचं. माणसं मेली होती, तेव्हा काहीतरी करणं भागच होतं. पण त्याचा भार मोठ्या कारखान्यापेक्षा लहान घाणेवाल्यावर जास्त पडला. पाकीट बांधायचं यंत्र, तपासणी, परवाना हे सगळं त्याला कुठलं परवडणार?

आपण बरणी घेऊन दुकानात जायचो, वास घेऊन तेल निवडायचो. आता वास घ्यायला मिळत नाही, नुसतं छापील चित्र बघायचं. रिफाईंड तेलाला वासच नसतो, त्यामुळे ते कशाचं हे जिभेला कळत नाही. म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात तेल कशाचं ते लिहिलेलं असतं. ‘मिश्र’ किंवा ‘ब्लेंडेड’ असेल तर किती कशाचं तेही असतं. आणि वजन ग्रॅममध्ये बघा. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. काही पाकिटं दिसायला लिटरची असतात आणि आत त्याहून कमी निघतं.

घाण्यावर न जाणारं बी

आता आपल्या सोयाबीनकडे येऊ. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून विदर्भात आणि मग मराठवाड्यात ते पसरलं. तीन-साडेतीन महिन्यांत पैसा, विक्रीची सोय, नंतर रब्बीला रान मोकळं. लोकांनी ते उगाच नाही घेतलं. पण त्याने खरिपाची ज्वारी, मूग, उडीद, तीळ हटवले. ते धान्य आपल्या कणगीत यायचं, त्याचं बियाणं राखेत घोळून आपण ठेवायचो. सोयाबीन थेट बाजारात जातं. खुरपणीच्या जागी तणनाशक आलं, तेव्हा मजूर बायांचे कामाचे दिवसही घटले.

आणि सगळ्यात मोठा फरक असा. करडईत शंभर किलोला तीस किलोच्या आसपास तेल असतं, शेंगदाण्यात चाळीस-पंचेचाळीस. सोयाबीनमध्ये अठरा. बाकी ऐंशीच्या आसपास पेंड. इतकं थोडं तेल घाण्यावर काढणं परवडत नाही. त्याला रसायन वापरून तेल सोडवणारा मोठा कारखाना लागतो. म्हणजे तेलबी रानभर पिकतं आहे आणि गावात कुणी एक वाटी तेल काढू शकत नाही. सोयाबीनचा खरा माल पेंड आहे. ती कोंबडीखाद्याला आणि परदेशात जाते. त्यामुळे लातूरच्या बाजारातला भाव हा अमेरिकेतल्या शिकागोच्या भावावर, ब्राझीलच्या पावसावर, इंडोनेशियाच्या पामवर आणि दिल्लीच्या शुल्कावर हलतो.

गेल्या काही वर्षांत काय झालं ते आठवा. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात विकायला दाणाही नव्हता. कोंबडीखाद्य महाग झालं म्हणून सरकारने बारा लाख टन परदेशी पेंड आणायला परवानगी दिली आणि आपलं पीक निघेपर्यंत भाव खूप खाली आला होता.

2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचं तेल अडलं. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणंच बंद केलं, जवळजवळ चार आठवडे. जगात सगळ्यात जास्त पामतेल जिथे निघतं, त्या देशातल्या बायाही त्या वर्षी तेलासाठी रांगेत उभ्या होत्या. इकडे आपल्या पाकिटाचे भाव भडकले.

2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होता. सप्टेंबरमध्ये सरकारने आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलावर एकूण 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के. तेल महाग झालं, पण सोयाबीनचा भाव काही तेवढा चढला नाही, कारण पेंडीला जगात मागणी नव्हती. मे 2025 मध्ये शुल्क पुन्हा कमी करून 16.5 टक्क्यांवर आणलं. शुल्क चढो की उतरो, दोन्ही वेळा निर्णय आपल्याच नावाने होतो. एकदा शेतकऱ्यासाठी, एकदा गृहिणीसाठी. शेतकरी असलेल्या गृहिणीला दोन्हींत काय मिळालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मग आपण काय करायचं?

जगाचा व्यापार आपण थांबवू शकत नाही आणि सगळं जुनं परत आणावं असंही नाही. पण इतिहास बघितल्यावर काही गोष्टी हातातल्या वाटतात.

पहिली गोष्ट, वही. या हंगामापासून गटाच्या वहीत दोन रकाने करा. एका बाजूला सोयाबीन किती विकलं आणि काय भाव मिळाला. दुसऱ्या बाजूला वर्षभर तेल किती घेतलं आणि किती पैसे गेले. वीस बायांचा आकडा एकत्र केला की गावातून किती पैसा कुठे जातो ते दिसेल. हा कागद घेऊन ग्रामसभेत बोलता येतं.

दुसरी, सातबारा. हमीभाव केंद्रावर नोंदणीला सातबारा आणि पीकपेरा लागतो. नाव नसेल तर कष्ट आपले आणि नोंद दुसऱ्याची. चांदवडला निघालेला हा प्रश्न अजून संपलेला नाही. केंद्रावर नेण्याआधी माल नीट वाळवा, कारण ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर माल परत करतात.

तिसरी, चार तास करडईचे. सगळं रान बदलायला सांगत नाही. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या कडेने चार-सहा तास टाकले तर घरापुरतं तेल आणि म्हशीला पेंड निघते. पाच-दहा घरांनी बी एकत्र करून जवळच्या घाण्यावर नेलं तर ने-आणीचा खर्च वाटला जातो.

चौथी, गटाचा घाणा. काही गट विजेवरचा लाकडी घाणा घालायचा विचार करत आहेत. जरूर करा, पण हिशेब घालून. घाण्याचं तेल पाकिटापेक्षा बरंच महाग पडतं, त्यामुळे गिऱ्हाईक आधी शोधावं लागतं. अन्नसुरक्षेचा परवाना लागतो. बुरशी लागलेला किंवा ओला शेंगदाणा घाण्यात कधीच घालायचा नाही, त्यातलं विष तेलात उतरतं. पेंड विकायची सोय आधी लावा, कारण पुष्कळदा नफा पेंडीतच असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने तेलबियांचं नवं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं आहे, ते 2030-31 पर्यंत चालायचं आहे. त्यात आपल्या तालुक्यात काय आहे, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांना गटाच्या नावाने लेखी विचारा.

आणि शेवटची गोष्ट. घरात किंवा गल्लीत ज्या म्हाताऱ्या बाईने तेल्याचा घाणा बघितला असेल, तिच्याजवळ एक संध्याकाळ बसा. करडई कधी पेरायची, बी किती वाळवायचं, पेंड जनावराला किती घालायची हे तिला ठाऊक आहे आणि ते कुठल्या पाकिटावर छापलेलं नाही. ती जे सांगेल ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा. पुढच्या एखाद्या भागात ते आपण सगळ्यांना ऐकवू.